उत्तरेला सूर्य

सायलस मेटकाफ गावात बोलघेवडा म्हणून प्रसिद्ध होता. कुणाच्या मेंढीला जुळं झालं, कुणाची दगडी भिंत ढासळली, नव्या उपदेशकाला सूर का लागत नाही, सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर. रविवारी चॅपल सुटलं की दाराशी त्याच्याभोवती घोळका जमायचा. पण एक गोष्ट तेवीस वर्षं त्याच्या ओठांबाहेर पडली नव्हती. हिवाळ्यात हार्सगिलच्या माळावर भोवत्या हे शिकारी पक्षी संध्याकाळी नेमके कुठं उतरतात, ती.

गुपित राखायचं, ही पक्षी मोजणाऱ्यांची रीतच होती. आपल्या शिकारीवर झडप घालतं म्हणून वाकड्या चोचीचं पाखरू ज्यांच्या डोळ्यांत सलतं अशीही माणसं जगात असतात. त्यांच्या कानावर जागा गेली, की पुढच्या वर्षी जागा तेवढी राहते, पाखरं राहत नाहीत. म्हणून नकाशावर खूण करायची नाही, कागदावर लिहायचं नाही, घरी बायकोलाही सांगायचं नाही. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी देशभर त्याच्यासारखी माणसं माळामाळांवर कुडकुडत बसत, दिवस मावळताना उतरणारे पक्षी मोजत आणि नुसता आकडा कळवत. जागा ज्याची त्याच्या डोक्यात.

आता वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी सायलसला त्या डोक्याचाच भरवसा वाटेनासा झाला होता.

नोव्हेंबरात तो एक आठवडा आधीच वर जाऊन बसला. हेस्टरनं, त्याच्या लेकीनं, फोनवर सांगितलं की बाबा, आज दुसरा रविवार आहे, तर हा तिच्याशी हमरीतुमरीवर आला. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं तेव्हा लेकच खरी निघाली. मग नाताळच्या सभेत तो उभा राहिला आणि त्यानं खड्या आवाजात ईस्टरचं गीत सुरू केलं. लोक हसले. मायेनं हसले, पण हसले. त्या दिवसापासून कुणी काही म्हटलं की सायलस मान डोलवायचा. चहात साखर घातलीय म्हणाले, तर घातली असेल. गुरुवार आहे म्हणाले, तर असेल गुरुवार.

जानेवारीच्या मोजणीला हेस्टर स्वतः आली. शेफील्डला लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचं तिचं काम. फोनवर तिनं आडपडदा ठेवला नव्हता. शनिवार-रविवार तुझ्याबरोबर माळावर काढते, म्हणाली, मग आपण बोलू. काय बोलायचंय ते सायलसला कळत होतं. लेक नाही म्हणाली की माळ संपला. त्याच्या जिवाला माळ म्हणजे चॅपलचाच दुसरा अर्धा भाग. एकात गायचं, दुसऱ्यात ऐकायचं. आणि माळ संपला तर जागेचं काय? ती लेकीच्या हवाली करायची, की आपल्याबरोबर मातीत न्यायची? लेकीला तर चौदाव्या वर्षानंतर पाखरांचं काही अप्रूप राहिलं नव्हतं.

शनिवार बरा गेला. माळाच्या पायथ्याशी बेरिल ॲल्डरसनच्या वाडीवर त्यांचा मुक्काम होता. आभाळ स्वच्छ, गवतावर दहिवर गोठलेलं. खालच्या उतारावर दोघं दिवसभर हिंडली. पाणलावा पायाजवळून भुर्रकन उठला, तर हेस्टर दचकून बापाला बिलगली. सोनचिखल्यांचा थवा दिसायच्या आधी नुसत्या शिळेवरून सायलसनं ओळखला, डोमकावळ्याची जोडी फर्लांगावरून. पाखरांच्या बाबतीत त्याची एकदाही चूक झाली नाही, हे लेकीनं मनात टिपून ठेवलं. आणि रात्रीच्या जेवणावर, जावईबापू नाही का आले, असं त्यानं दोनदा विचारलं, तेही टिपून ठेवलं.

रविवारी सकाळी धुकं होतं. बेरिलनं ओटची पेज वाढली, नाताळचा उरलेला केक आणि चीजचा तुकडा कागदात बांधून दिला आणि खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सायलस, आज तुझी पाखरंसुद्धा पायी घरी जाणार बघ."

सायलस हसला. मग बेरिल हेस्टरकडे वळली. "आणि तू गं? बापाला घेऊन चाललीस की बाप तुला?"

"तेच बघायला आलेय," हेस्टर म्हणाली.

माथ्यापर्यंत काही प्रश्न नव्हता. माळाची सरहद्दीची भिंत थेट वरपर्यंत जाते. हात तिच्यावर ठेवून आंधळाही चढेल. पश्चिमेचा वारा डाव्या कानावर, भिंत उजव्या हाताला. बारा वाजता दोघं माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी टेकली. केक आणि चीज खाल्लं. थर्मासचा चहा प्यायला. इथून पुढं भिंत नव्हती, वाट नव्हती, काहीच नव्हतं. चार हातांपलीकडचं हेदरचं झुडूपही दिसेना. हेस्टरचा फोन गारठून केव्हाच बंद पडला होता.

सायलसनं छातीच्या खिशातून होकायंत्र काढलं. राशीपासून ईशान्येला चालायचं, हे त्याला पाठ होतं. अंतर मोजायची त्याची पद्धत मात्र त्याची स्वतःचीच. चॅपलमधलं एक सहा कडव्यांचं गीत होतं, त्याच्या पावलाला नेमकं बसणारं. ते सात वेळा पुरं झालं की लव्हाळ्यांची खळगी आली. बाकीचे पावलं मोजतात. पावलं मोजताना माणूस देवाला विसरतो, असं त्याचं म्हणणं.

त्यानं चकती फिरवली, लाल टोक खुणेवर आणलं, बाण धरला आणि पहिलं कडवं उचललं. मागून हेस्टर.

दुसऱ्या आवर्तनातच त्याला काहीतरी खटकलं. वारा डावीकडून पाठीवर यायला हवा होता. तो समोरून, उजव्या गालावर येत होता. सायलस मनाशी म्हणाला, वारा फिरला असेल. धुक्यात फिरतो. पुढं जमीन अलगद उतरायला हवी होती; ती टाचा रोवायला लावत होती. तो म्हणाला, जमीन गोठून उतार वेगळा लागत असेल. हातातली सुई थरथरतही नव्हती. इतकी ठाम वस्तू एका बाजूला आणि नाताळात ईस्टर गाणारं डोकं दुसऱ्या बाजूला. माणसानं कुणाचं ऐकावं?

तो चालत राहिला. गात राहिला. मागून हेस्टर म्हणाली, "तिसरं कडवं दोनदा म्हणालास, बाबा."

"म्हणालो का?"

"आताच. आणि मघाशी पाचवं गाळलंस."

मग आवर्तन तिसरं चाललंय की चौथं, तेही सुटलं. थांबून सायलस परत सुरुवातीपासून आठवू लागला, तर सुरुवात कुठली तेच सापडेना. अर्धं अंतर झालं की पाऊण? हेस्टर म्हणाली की चौथं असावं. तिच्या चेहऱ्यावर ते टिपून ठेवल्याची खूण त्याला स्पष्ट दिसली. तो बरं म्हणाला.

थोडं पुढं धुक्यातून दगडी ओटे वर आले. शिकाऱ्यांचे आडोसे. कमरेइतके उंच, हेदरच्या ढेकळांनी लिंपलेले, प्रत्येकाच्या अंगावर आकडा. सहा. मग सात. हेस्टरला बरंच वाटलं. काहीतरी माणसाच्या हातचं दिसलं. ही तुझी खूण का, असं तिनं विचारलं.

सायलस सातव्या आडोशापाशी उभा राहिला. त्यानं दगडावरून हात फिरवला. हा आडोसा तो ओळखत होता. कोपऱ्यातला शेंदरी दगड, पाणी ठेवायचा कोनाडा, सगळं. माळावर आडोशांची रांग एकच होती, आणि ती माथ्याच्या नैर्ऋत्येला होती. त्याच्या हातातला बाण ईशान्य दाखवत होता. तिकडंही असे आडोसे आहेत आणि आपणच विसरलो, की काय? तेवीस वर्षं इथून जाऊन विसरलो?

"असेल," तो म्हणाला. "चल पुढं."

पुढं दहा-वीस पावलं गेली असतील नसतील, तोच धुकं वरून विरळ झालं. डावीकडं, जरा समोर, दुधात बुडालेल्या रुपयासारखी सूर्याची चकती दिसली आणि तिथंच थांबली. साडेबारा वाजले होते. हेस्टरनं बापाच्या हातातल्या होकायंत्रात डोकावून पाहिलं, मग वर पाहिलं, मग पुन्हा खाली.

"बाबा, हे म्हणतंय सूर्य उत्तरेला आहे."

सायलसनंही वर पाहिलं.

"दुपारचा सूर्य उत्तरेला कसा येईल?"

"नाही येणार," सायलस म्हणाला, आणि मग, लहान मुलासारखं, "नाही ना येणार?"

हेस्टरनं होकायंत्र घेतलं. उलटंसुलटं केलं, हलवलं. सुई गरकन फिरून पुन्हा तिथंच, लाल टोक सूर्याकडं. मग ती म्हणाली की हे तू ठेवतोस कुठं? सायलसनं छातीचा खिसा दाखवला. त्यातून तिनंच नाताळात दिलेला फोन निघाला, गारठून तोही बंद पडलेला, चट्कन मिटणाऱ्या कव्हरचा. ते कव्हर मिटतं ते आतल्या लोहचुंबकावर. तीन आठवडे होकायंत्र त्याला छातीशी छाती लावून झोपलं होतं. सुईचं डोकं फिरलं होतं, अगदी शब्दशः. लाल टोक दक्षिणेला बघत होतं आणि शेपूट उत्तरेला.

"म्हणजे आपण वीसएक मिनिटं पार उलट चाललोय," हेस्टर म्हणाली. तिला हसू आणि रडू बरोबरच आलं. "हे मी दिलेल्या फोनचं फळ. आणि मला वाटत होतं..."

तिनं होकायंत्र त्याच्या हातात परत दिलं. सायलसनंच हळूच सांगितलं की त्याला शंका आली होती. वारा उलटा लागत होता, उतार वेगळाच होता, आणि सातवा आडोसा तर त्याला नावानिशी ठाऊक होता.

"मग बोलला का नाहीस?"

सायलसनं टोपी काढली, तिच्यावरचे दवाचे थेंब झटकले, पुन्हा घातली. "सुई ठाम होती," तो म्हणाला.

परत चढताना गोंधळ कमी व्हायचा तो वाढला. आता सुईच्या शेपटीमागं जायचं, एवढी साधी गोष्ट. पण हात पन्नास वर्षांच्या सवयीनं लाल टोकच खुणेवर आणायचा. सायलस चकती फिरवायचा, हेस्टर म्हणायची उलटी, तो फिरवायचा, मग तिलाच वाटायचं की आधीचीच बरोबर होती. माथ्यावर दगडांच्या राशीपाशी उभं राहून दोघांनी तीनदा ईशान्य ठरवली आणि तिन्ही वेळा ती वेगळी निघाली. शेवटी सायलसनं होकायंत्र खिशात टाकलं आणि तो डोळे मिटून उभा राहिला. वारा फिरला नव्हता. सकाळी होता तिथूनच येत होता. तो वारा डाव्या खांद्यामागं घेऊन सायलस चालू लागला, आणि गीतही त्यानंच धरलं. मोजायला हेस्टरनं बोटं मुडपली, एका आवर्तनाला एक बोट. तो म्हणायचा, ती मोजायची. सातव्या बोटाला लव्हाळी लागली. खरं तर सातव्याला की आठव्याला, यावरही मागाहून वाद झाला.

जागा अशी काही विशेष नव्हती. एक उथळ खळगी, काळ्या पाण्याचा ओहोळ, छातीइतकी वाळकी लव्हाळी. तेवीस वर्षांचं गुपित हेस्टरनं एका नजरेत पाहून संपवलं. धुकं खळगीवरून उचललं गेलं होतं आणि छतासारखं वर टांगून राहिलं होतं. अडीच वाजले होते. एका खडकाच्या आड दोघं बसली, गुडघ्यांवर एकच घोंगडी.

सायलसनं वहीची दोन पानं फाडली. एक तिला, एक स्वतःला. ही त्याची शिस्त होती: दोघं मोजायला असली तर बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, उजेड जाईपर्यंत आपापल्या चिठ्ठीवर रेघा ओढायच्या. मग चिठ्ठ्या समोरासमोर ठेवायच्या. आकडे जुळले नाहीत तर लहान आकडा कळवायचा, कारण नसलेलं पाखरू लिहिण्यापेक्षा असलेलं सुटलेलं बरं.

पेन्सिल हातात घेताना त्यानं देवाशी पैज लावली. अशी पैज लावू नये हे त्याला माहीत होतं. चॅपलमध्ये त्यानं मुलांना तेच शिकवलं होतं. पण राहवेना. दोन चिठ्ठ्या जुळल्या तर मी येत राहीन, तो मनात म्हणाला. नाही जुळल्या तर वही हेस्टरच्या हातात देईन आणि पुन्हा मागणार नाही. तू सांग. मला माझं कळत नाही.

बराच वेळ काहीच आलं नाही. पाय बधिर झाले. मग साडेतीनच्या सुमाराला पहिला आला, राखेच्या रंगाचा नर, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी, लव्हाळ्यांवरून हातभर उंचीनं, आवाज न करता. एक फेरी, दुसरी, आणि लव्हाळ्यांत विरघळला. सायलसनं रेघ ओढली. मग तपकिरी मादी, कमरेला पांढरा पट्टा. ती उतरली. मग आणखी दोन माद्या बरोबरच, एकमेकींना हूल देत. एक उतरली. दुसरी उतरली की उतारामागं गेली? तेवढ्यात खालून एक उठली. ही नवी की आधीचीच, जागा पसंत न पडून उठलेली? ती वळली, पुन्हा बसली. सायलसचा हात कागदावर थांबला. त्यानं पाहिलं होतं. नक्की पाहिलं होतं. काय पाहिलं होतं?

त्यानं रेघ ओढली. शेवटी उजेड जाता जाता आणखी एक नर सरळ लव्हाळ्यांत उतरला, त्याचीही ओढली.

साडेचारला लव्हाळी आणि आभाळ एक झालं. हेस्टरनं कपाळावरचा दिवा लावला. चिठ्ठ्या घोंगडीवर ठेवल्या. तिच्या चार रेघा. त्याच्या पाच.

सायलसनं त्या दोनदा मोजल्या. मग त्यानं वही उचलून लेकीच्या मांडीवर ठेवली. "आता तू," तो म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता. हेस्टरला समजेना. आकडा लिहायचा का, तिनं विचारलं. तेव्हा त्यानं पैजेचं सांगितलं.

हेस्टरनं वही बाजूला ठेवली. मग म्हणाली, "देवाशी पैज? आणि वर चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसतोस?"

"उत्तर तर मिळालं."

"कुठं मिळालं? त्या दोघी बरोबर आल्या ना, तेव्हा माझा चष्मा धुकटला होता. मी पुसत होते. वर बघेपर्यंत एकच होती. दुसरी कुठं गेली ते मी बघितलंच नाही, बाबा. दिवसभर लोकांना सांगते की डोळे नीट उघडे ठेवा."

"आणि मी जी धरली ती उठून पुन्हा बसलेली असेल," सायलस म्हणाला. "मलाही नक्की नाही."

दोघं दोन चिठ्ठ्यांकडं बघत बसली. चूक कुणाची ते चिठ्ठ्यांत लिहिलेलं नव्हतं. सायलसला वाटलं, आपण एवढं सरळ विचारलं आणि देवानं दोन्ही पानं उघडीच ठेवली. याचा अर्थ काय लावायचा? हा नकार, की नुसतं मौन, की आपण विचारलेलाच प्रश्न चुकला?

"काल रात्री मी ठरवलं होतं," हेस्टर म्हणाली. "आज खाली उतरलो की तुला सांगायचं, बाबा, बास झालं आता. सकाळी तू तिसरं कडवं दोनदा म्हणालास तेव्हा तर पक्कंच झालं." तिनं नाक पुसलं. "पण तू विसरलास त्याची मला एवढी भीती नाही वाटली. तुला बरोबर ठाऊक होतं आणि तू गप्प चालत राहिलास, त्याची वाटली. माझ्यामागून दरीत आला असतास."

"तू मागं होतीस. मी पुढं."

"तेच ते. पुढं राहून मागं मागं आलास."

वारा लव्हाळ्यांतून सळसळत गेला. आत कुठंतरी चार की पाच जीव पंख मिटून बसले होते आणि त्यांना या चर्चेचं काही नव्हतं.

"एकटा यायचं नाहीस," ती म्हणाली. "माझं उत्तर एवढंच. देवाचं त्याला विचार."

"मग कुणाला आणू? जागा कुणाला दाखवायची नसते."

"मला दाखवलीस की."

"तुला परत सापडेल का?"

हेस्टरनं चारी बाजूंना पाहिलं. धुक्यातून उलटंसुलटं येऊन ती जिथं पोचली होती ते ठिकाण माळाच्या कुठल्या अंगाला आहे, हे तिला शपथेवरही सांगता आलं नसतं. तिनं प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. सायलस पहिल्यांदा मोकळं हसला. एवढं भरवशाचं माणूस त्याला तेवीस वर्षांत मिळालं नव्हतं.

शिस्तीप्रमाणे तिनं वहीत चार लिहिले. खाली मोजणाऱ्याच्या नावाच्या जागी त्याचं नाव, आणि जागा पुरेना म्हणून समासात आपलं. फेब्रुवारीचा तिसरा रविवार किती तारखेला येतो ते दोघांनी बोटांवर काढलं. तिचं आलं सोळा, त्याचं आलं पंधरा. घरी जाऊन बघू, असं ठरलं.

घोंगडी झटकून दोघं उठली. दिव्याच्या उजेडात धुकं पुन्हा खाली आलेलं दिसलं; चार हातांवर पांढरी भिंत. ओहोळाच्या दोन्ही काठांनी मेंढरांच्या वाटा जात होत्या आणि दोन्ही सारख्याच दिसत होत्या. वारा आता पडला होता. होकायंत्र खिशात होतं. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

"कुठून?" हेस्टरनं विचारलं.

सायलस दोन पावलं ओहोळाकडं सरकला. पायाखालची जमीन त्यानं बुटानं चाचपली, पाण्याचा आवाज ऐकला.

"डावीकडून."

"नक्की?"

"नक्की नाही," तो म्हणाला. "पण मी म्हणतो, डावीकडून. तुला वेगळं वाटलं तर सांग."

हेस्टरला वेगळं वाटत होतं. तिनं तसं सांगितलं. मग तिथंच उभं राहून, कडाक्याच्या थंडीत, बापलेकीनं त्यावर यथेच्छ भांडण केलं, आणि शेवटी दोघं डाव्या काठानं खाली उतरू लागली.